संघाचा कार्टून शुभंकर घरच्या घरी काढताना: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर मी हिशेब लिहितो आणि रात्री जेवणं आटोपली की चित्र काढतो. गेली तीन वर्षं आमच्या गल्लीतल्या कबड्डी संघासाठी मी एक कार्टून पात्र घडवतोय. त्याचं नाव हुम्या. तो माळढोक आहे, गवताळ माळावर राहणारा मोठा पक्षी. जर्सीवर, स्पर्धेच्या छापील डिजिटल बोर्डावर (फ्लेक्सवर), मुलांच्या व्हॉट्सॲपवर तो दिसायला लागला आणि मला प्रश्न येऊ लागले. कुणाला आपल्या शाळेच्या खो-खो संघासाठी असं काही करायचं असतं, कुणाला टेनिस बॉल क्रिकेटच्या टीमसाठी. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतोय. जिथे माझा जीव अडकला आहे तिथे उत्तर लांबलंय.

शुभंकर म्हणजे लोगोच ना?

नाही. लोगो म्हणजे खूण. ती जर्सीच्या छातीवर बसते आणि तशीच राहते. शुभंकर म्हणजे पात्र. तो पळतो, हरल्यावर मान खाली घालतो, पावसात भिजतो. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला मास्कॉट म्हणतात, मराठीत शुभंकर हा शब्द रुळलाय.

१९६६ च्या इंग्लंडमधल्या फुटबॉल विश्वचषकात विली नावाचा सिंह आला, तो विश्वचषकाचा पहिला शुभंकर. ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर १९७२ च्या म्युनिकचा, वाल्डी नावाचा डॅशहुंड कुत्रा. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा मार्गही शहराच्या नकाशावर वाल्डीच्या आकाराचा आखला होता. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं मिशा अस्वल आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचा अप्पू हत्ती आपल्याकडच्या जुन्या पिढीला आजही आठवतात. त्या स्पर्धेत कुणी किती पदकं मिळवली हे विसरलेल्या माणसालाही अप्पू आठवतो.

मला चित्रकला येत नाही. तरी जमेल का?

जमेल. गोल, अंडाकृती आणि वाकडी रेघ येते ना? बाकी सगळं बघण्यावर आहे. हात सहा महिन्यांत सुधारतो. बघायची सवय लागायला मात्र जास्त वेळ जातो, म्हणून ती आधी सुरू करा.

सोलापूरच्या संघासाठी कोणता प्राणी घ्यावा? वाघ-सिंह चांगले दिसत नाहीत का?

दिसतात, पण ते सगळ्यांकडे आहेत. दहा संघांच्या स्पर्धेत चार वाघ आणि तीन सिंह असतील, तर तुमचा वाघ कुणाच्या लक्षात राहणार?

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवणाऱ्या राज्यांनी काय केलं ते पाहा. २०२२ ला गुजरातने सिंह घेतला, कारण गीर त्यांचं आहे. त्याचं नावही गुजरातीत सिंहाला म्हणतात तेच, सावज. २०२३ ला गोव्याने गवा घेतला आणि नाव ठेवलं मोगा. कोकणीत मोग म्हणजे प्रेम. २०२५ ला उत्तराखंडने मोनाल पक्षी घेतला, मौली. प्रत्येकाने आपल्या दारातला प्राणी उचलला.

मग सोलापूरच्या दारात काय आहे? महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे, पण शेकरू दाट जंगलातला, भीमाशंकरकडचा. आपल्याकडे जंगल नाही, माळ आहे. कुसळी गवताचा, उन्हात पांढरा पडणारा. त्या माळावर काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, तितर आहे, धाविक आहे. काळवीट खो-खोसाठी फार सुंदर जमेल. तो पळता पळता एकदम दिशा बदलतो आणि खो-खोचा सगळा जीव त्या वळण्यातच आहे. लांडगा कबड्डीच्या बचावासाठी उत्तम. तो एकटा नसतो, साखळी करून घेरतो. अजून कुणी सोलापूरचा लांडगा काढलेला मी पाहिलेला नाही. काढा कुणीतरी, मला बघायचाय.

प्राणीच हवा असंही नाही. एका मुलीने मला कडक भाकरीचं पात्र दाखवलं होतं, हातपाय असलेलं, कडेला जरा तुटलेलं. गोलरक्षक म्हणून ते भन्नाट होतं. शेंगाची चटणी, चादरीचा गठ्ठा, मागाचा धोटा, भुईकोटाचा बुरूज, यातलं काहीही चालेल.

एकच गोष्ट मी घेत नाही आणि इतरांनाही घेऊ नका म्हणतो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले नंदीध्वज. ते सोलापूरचं सर्वात देखणं रूप आहे हे खरंच. पण शुभंकराच्या नशिबी घामाची जर्सी येते, फाटका फ्लेक्स येतो, विरोधी संघाची चेष्टा येते. श्रद्धेची वस्तू त्या जागी नेऊ नये.

माळढोकच का निवडला?

कारण तो आपला आहे आणि आपण त्याला जवळजवळ गमावलंय. सोलापूरहून बार्शीच्या वाटेवर विसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते याच माळावर. आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे मोठं नशीब. सबंध देशात दीडशेच्या आत पक्षी उरलेत. डॉ. सलीम अली यांना हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. १९६३ ला मान मोराला मिळाला.

पण केवळ कळवळ्यापोटी पात्र उभं राहत नाही. मला माळढोकात कबड्डीपटू दिसला. विणीच्या हंगामात नर गळ्याची पिशवी फुगवतो, ती छातीच्या खाली लोंबते, शेपटी पाठीवर उभी राहते आणि तो आतून खोल, घुमणारा ‘हुम्म’ आवाज काढतो. शांत माळावर तो दुरून ऐकू येतो. चढाईला जाणारा खेळाडू दम घुमवतो तो असाच, छातीतून, न तोडता. हे दोन्ही एकदा डोक्यात जोडलं गेलं आणि मग दुसरा प्राणी मला सुचलाच नाही.

शिवाय तो जमिनीवरचा पक्षी आहे. उडतो, पण आयुष्य चालण्यात घालवतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि उंचीला मीटरभर असतो. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. अशा पक्ष्याला मातीच्या मैदानात उतरवताना कुठेही ओढाताण होत नाही.

पण प्रत्यक्ष न बघता कसा काढलात?

फोटो पाहून, वनखात्याच्या फलकांवरची चित्रं पाहून आणि माळावर जाऊन. माळावर माळढोक दिसला नाही, तरी माळ दिसला. गवताची उंची कळली, सकाळचा तांबूस रंग कळला, उघड्यावर वावरणारा पक्षी मान सारखी उंच का करत असेल ते कळलं.

फोटो बघताना मी एक वही ठेवली होती. त्यात चित्रं कमी आणि नोंदी जास्त आहेत. त्यातल्या काही इथे देतो, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच उभं राहिलं:

डोक्यावर काळी टोपी. नर उत्तेजित झाला की ती तुऱ्यासारखी उभी राहते. मान पांढरी, लांब. पाठ तपकिरी. नराच्या छातीवर काळा पट्टा, मादीला तो तुटक किंवा नसतोच. पाय उघडे, पिवळसर आणि बोटं तीन. तिन्ही पुढे. मागचं बोट नाही.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलंय. मागचं बोट नाही म्हणून माळढोक फांदी पकडू शकत नाही आणि झाडावर बसत नाही. माझ्या पहिल्या वीस चित्रांत मी त्याला कावळ्याचे पाय दिले होते. ते दुरुस्त केल्यावर हुम्या एकाएकी जमिनीवर उभा राहिला. त्याआधी तो कागदावर तरंगत होता.

आणखी एक. पक्ष्याचा उलटा वाटणारा गुडघा हा गुडघा नसतोच, तो घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. चढाईपटूची वाकलेली बैठक पक्ष्याला द्यायची तर हे माहीत असायलाच हवं, नाहीतर पाय मोडल्यासारखे दिसतात.

सुरुवात कागदावर करू की थेट स्क्रीनवर?

कागदावर. त्यातही आधी नुसती सावली काढा. डोळे नाहीत, रंग नाहीत, फक्त आतून काळा भरलेला आकार. अशा तीस-चाळीस सावल्या काढा आणि गल्लीतल्या पोरांना दाखवा. मोठी माणसं मन राखतात, पोरं राखत नाहीत.

माझी पहिली सावली बघून एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, “अबे, कोंबडी हाय की बे ही!” तो बरोबर होता. मी मान आखूड केली होती, कारण आखूड मान गोड दिसते. मग मान लांबवली, टोपी मागे टोकदार केली, धड आडवं केलं. चौथ्या खेपेला त्याच पोराने विचारलं, “काका, हा कुठला पक्षी?” हा प्रश्न मला हवा होता. ओळखीचा पक्षी नाही, पण पक्षी आहे आणि वेगळा आहे.

किती डोक्यांचा काढावा?

मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी असते. कार्टून पात्र दोन ते तीन डोक्यांत बसवलं की लहान मुलांना गोंडस वाटतं, चार-पाचात गेलं की खेळाडू वाटतं. हुम्या साडेतीनचा आहे. माळढोकाचं डोकं मुळात लहान असतं, इथे मी ते मुद्दाम मोठं केलंय. चेहऱ्यावर भाव दिसायला हवेत. खऱ्यातलं काय ठेवायचं आणि काय वाढवायचं हे ठरवणं म्हणजेच कार्टून. मी पाय, टोपी आणि पट्टा खरे ठेवले, डोकं आणि पंख बदलले.

त्याला कबड्डी खेळताना कसं दाखवायचं? पंखांनी पकड कशी करणार?

पंखांच्या टोकाची तीन मोठी पिसं बोटांसारखी वापरा. चौथं पीस अंगठा. माणसाचे हात चिकटवू नका, पात्र मरतं.

मग खेळाडू बघायला जा. मी आठवडाभर मैदानाच्या कडेला बसून फक्त चढाई बघितली. चढाईपटूचं वजन मागच्या पायावर असतं, पुढचा पाय चाचपडत असतो, हात लांब आणि मान त्या हाताच्या विरुद्ध दिशेला. बोनस रेषेवर पाय टाकताना दुसरा पाय हवेत. मध्यरेषेकडे परतताना सगळं शरीर तिरकं होऊन एक लांब रेघ होतं. चित्रात आधी ती एक रेघ काढायची, टोपीच्या टोकापासून पायाच्या बोटाच्या नखापर्यंत. रेघेत जोर असेल तर पुढचं सोपं जातं.

हुम्याच्या माझ्या ठरलेल्या मुद्रा अशा आहेत: मांडीवर थाप, चढाईची बैठक, दम घुमवताना फुगलेला गळा, पकडीत सापडलेला, लोण दिल्यावर उभी टोपी आणि हरल्यावर आडवी टोपी. टोपीने त्याचा मूड कळतो. हे खऱ्या पक्ष्यातूनच आलंय, मी काही नवीन शोधलेलं नाही.

एकदा मुद्रा ठरल्या की एक पूर्ण तक्ता करा. समोरून, तिरकं, बाजूने, मागून. चारही चित्रांत डोळे, पट्टा आणि गुडघे एकाच आडव्या रेषेवर यायला हवेत. हा तक्ता कंटाळवाणा आहे, पण उद्या संघातलं दुसरं कुणी तुमचं पात्र काढणार असेल तर त्याच्या हातात हाच द्यायचा असतो.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू? पैसे भरावे लागतात का?

नाही. इंकस्केप आणि क्रिता, दोन्ही फुकट, दोन्ही चांगली. क्रितात ब्रशने रंगवता येतं आणि हलतं चित्रही करता येतं. तिथे चित्र ठिपक्यांचं असतं, मोठं केलं की फाटतं. इंकस्केपमध्ये चित्र रेषांच्या गणिताने साठतं, ते कितीही मोठं करा, कडा स्वच्छ राहतात. मंडळातली मुलं दहा बाय वीस फुटांचा डिजिटल बोर्ड लावायचं आज रात्री ठरवतात आणि उद्या सकाळी फाइल मागतात. म्हणून शेवटचं, पक्कं चित्र रेषांच्या गणितातलं असावं, एसव्हीजी फाइलमध्ये. क्रितात काढत असाल तर निदान ए-४ आकार, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल.

माझ्याकडे फक्त फोन आहे.

आयबिस पेंट घ्या आणि सुरू करा. हुम्याच्या पहिल्या वर्षाची सगळी पक्की चित्रं मी फोनवर बोटाने काढली आहेत. पुढे आवड टिकली तर तीन-चार हजारांत स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट येतो. आधी घेऊन ठेवू नका.

रंग किती वापरावेत?

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल.

ते यंत्रमागाच्या कारखान्यात चादरीची डिझाइनं ग्राफवर उतरवायचे. सोलापुरी चादरीवरची फुलं, मोर, वेलबुट्टी जेकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर विणली जाते. आधी नक्षी ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढायची. एक चौकट म्हणजे ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. मग ग्राफच्या प्रत्येक ओळीसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यात भोकं. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने ओवून माळ करायची आणि ती मागावर चढवायची. फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ मारी जाकारने १८०४ मध्ये बांधलेल्या यंत्रामागची ही कल्पना आजही आपल्या कारखान्यांत धडधडते. आता बऱ्याच ठिकाणी ग्राफ संगणकावर होतो, तत्त्व तेच.

मी स्क्रीनवर चित्र मोठं करून पाहिलं आणि पिक्सेलचे चौकोन दिसले, तेव्हा मला लहानपणीचं घर दिसलं. जमिनीवर पसरलेला ग्राफ, वडील गुडघ्यावर बसलेले, लाल पेन्सिल. ते म्हणायचे, “दोन रंगांत मोर दिसला नाही, तर दहा रंगांत पण दिसणार नाही.” चादरीत रंग मोजकेच असतात, वळण फार नाजूक घेतलं तर विणल्यावर पायऱ्या दिसतात, एक चौकट रुंदीची रेघ धुतल्यावर हरवते. त्यामुळे नक्षीकाराला ठरवावंच लागतं की मोराचा मोरपणा कशात आहे.

हुम्याचे रंग पाच आहेत. काळा, पांढरा, तपकिरी, पायांचा पिवळा आणि जर्सीचा गडद लाल. छटा नाहीत, चकाकी नाही. पाच का? कारण स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि संघाच्या वर्गणीत तेवढंच बसत होतं. पण वर्गणी दुप्पट असती तरी मी पाचच ठेवले असते.

रंग ठरल्यावर चित्र एकदा काळं-पांढरं करून बघा. तपकिरी पाठ आणि लाल जर्सी मला एकसारख्याच करड्या दिसल्या, म्हणून लाल आणखी गडद केला. आणि चित्र नखाएवढं करूनही बघा. तेवढ्यातही ओळखू आलं तर ठीक.

जर्सीवर छापताना काय काळजी घ्यावी?

पॉलिस्टरच्या फिक्या कापडावर सब्लिमेशन (उष्णतेने रंग कापडात मुरवणारी छपाई) चांगलं बसतं, सुती कापडावर ते टिकत नाही. सुतीवर स्क्रीन प्रिंट करा. भरतकाम करून घ्यायचं असेल तर मिलिमीटरहून बारीक रेषा काढून टाका, दोऱ्यात त्यांचा गुंता होतो. स्क्रीनवरचा रंग आणि छापलेला रंग कधीच तंतोतंत सारखा येत नाही, स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाई शाईने. एक नमुना छापून उन्हात नेऊन बघा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको. आपल्याकडचं ऊन सगळे फिके रंग खाऊन टाकतं.

नाव कसं ठेवावं?

ओरडून बघा. प्रेक्षकांतून तीनदा ओरडता आलं पाहिजे. सोलापुरात एकाच मैदानाभोवती मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं बसलेली असतात. जोडाक्षरांनी भरलेलं संस्कृत नाव चौघांच्याही तोंडात अडखळतं. आमच्या यादीत ‘माळवीर’ होतं, ‘गगनदूत’ होतं. शहराच्या पूर्व भागातल्या एका आजींनी मला माळढोकाचं तेलुगू नाव सांगितलं, बट्टमेक पिट्ट. ऐकायला फार गोड, पण ओरडायला लांब. शेवटी पक्ष्याच्या आवाजावरूनच नाव आलं, हुम्या. पोरांनी पहिल्याच सामन्यात “हूम! हूम! हूम!” सुरू केलं. ते आम्ही त्यांना शिकवलं नव्हतं.

मुलींच्या संघासाठी त्याच पात्राला रिबन लावली तर?

नका लावू. पापण्या, गुलाबी गाल, डोक्याला बो लावून मुलगी होत नाही. खऱ्या मादीकडे बघा. ती नरापेक्षा बरीच लहान, सडपातळ, छातीचा पट्टा तुटक. साधारण एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, आणि ते ती एकटी सांभाळते. खो-खोच्या संरक्षणासाठी याहून सावध प्राणी कुठे मिळेल? आमच्या मुलींच्या संघाची ‘माळी’ मी वेगळी काढली. बैठक वेगळी, नजर वेगळी. ती हुम्यापेक्षा वेगात वळते. मला विचाराल तर ती हुम्यापेक्षा चांगली जमली आहे.

व्हॉट्सॲप स्टिकर कसे करायचे?

प्रत्येक स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेल, मागची बाजू पारदर्शक, फाइल वेबपी. साधा स्टिकर १०० केबीच्या आत, हलता ५०० केबीच्या आत. पॅकमध्ये कमीत कमी ३, जास्तीत जास्त ३०. भोवती पांढरी जाड कड ठेवा, नाहीतर गडद पार्श्वभूमीवर काळी टोपी गायब होते. मुद्रा निवडताना खेळापेक्षा रोजचं बोलणं धरा. आमच्याकडे सर्वात जास्त फिरतो तो उन्हाने जीभ बाहेर काढलेला, ओला टॉवेल डोक्यावर घेतलेला हुम्या. एप्रिल-मे मध्ये तर दिवसभर.

त्याला हलता करायचा आहे.

आधी फक्त डोळे मिटवा. उघडे, अर्धे, मिटलेले, तीन चित्रं. पात्र जिवंत झाल्याचा तो आनंद एकदा अनुभवा, मग पुढे जा.

नंतर मांडीवरची थाप. सेकंदाला बारा चित्रं पुरतात. तीन सेकंदांची छत्तीस. सगळी क्रमाने काढत बसू नका. आधी हात वर आणि हात मांडीवर ही दोन टोकाची चित्रं काढा, मग मधली. थाप बसायच्या आधी हात क्षणभर आणखी वर जाऊ द्या आणि बसल्यावर मांडीची पिसं दोन चित्रं थरथरू द्या. आवाज नसतानाही ऐकू येतो.

एआयला सांगितलं तर मिनिटात होतं. मग एवढा खटाटोप का?

मीही करून पाहिलं. माळढोक मागितला, तर शहामृगाची मान आणि करकोच्याचे पाय असलेला पक्षी मिळाला, मागच्या बोटासकट. दुसऱ्यांदा मागितला तर वेगळाच पक्षी, तिसऱ्यांदा आणखी वेगळा. शुभंकर शंभर चित्रांत तोच असावा लागतो.

पण उद्या ते यंत्र सुधारलं तरी मी हातानेच काढेन. हुम्या काढला म्हणून मी नान्नजच्या माळावर पहाटे गेलो. विजेच्या तारांबद्दल वाचलं. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, तो वजनदार असतो, तार जवळ आल्यावर त्याला वळता येत नाही आणि तो धडकून मरतो. आता आमच्या संघातली बारा वर्षांची पोरं हे कुणालाही सांगतात. चित्र आयतं मिळालं असतं तर यातलं काहीच आमच्याकडे आलं नसतं.

आवडत्या आयपीएल संघाच्या चिन्हासारखं थोडं बदलून काढलं तर चालेल का?

नको. ती चिन्हं नोंदलेले ट्रेडमार्क असतात. आणि गल्लीच्या संघाला उसनं तोंड कशाला?

माझ्या चित्रावर माझा हक्क असतो का? नोंदणी करावी लागते?

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्र काढलं त्या क्षणी त्यावर तुमचा हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. पात्राच्या नावावर वस्तू विकायच्या असतील तर ट्रेडमार्कचा विचार वेगळा करावा लागतो, तेव्हा वकिलाला विचारा.

संघासाठी काढत असाल तर एक कागद करून ठेवा. चित्र कुणाचं, संघ कुठे वापरणार, टी-शर्ट विकले तर पैसे कुणाचे. मित्रांत कागद कसा मागायचा म्हणून आम्ही पहिल्या वर्षी केला नाही. एका मंडळाने न विचारता हुम्याच्या हातात तंबाखूच्या जाहिरातीचा फलक देऊन बोर्ड लावला. ज्या पोरांसाठी तो काढला ती पोरं त्या बोर्डाखालून शाळेत जात होती. मी रात्री झोपू शकलो नाही. बोलल्यावर बोर्ड उतरला, पण तेव्हापासून कागद आधी, चित्र नंतर. आणि मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा, कच्च्या रेखाटनांसकट.

किती दिवस लागतात?

सावल्या ते पक्का तक्ता, रोज तासभर दिला तर दोन-अडीच महिने.

हुम्या चादरीवर येईल का?

हा प्रश्न मला माझ्या वडिलांनीच विचारला, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर. मी पक्कं चित्र छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, ग्राफ मागितला आणि जमिनीवर पसरून बसले. दोन रंग घेतले, काळा आणि पांढरा. भुवया काढून टाकल्या. जर्सीवरचा आकडा काढून टाकला. पंखांची तीन पिसं सरळ केली, वळणं पायरीवर आणली. मी टोपीचं टोक वाचवायला सांगणार होतो, तेवढ्यात त्यांनी तिथे चार चौकटी जास्त भरल्या. छातीचा पट्टा सहा चौकटी जाड केला.

मग पायांपाशी थांबले आणि म्हणाले, “ह्याला मागचं बोट नाही का?”

“नाही,” मी म्हटलं. “तो झाडावर बसत नाही.”

“मग सोपंय,” असं म्हणून त्यांनी लाल पेन्सिलीने तीन बोटं भरली. त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात जुना माग अजून चालू आहे. कार्डं पाडायला गेली आहेत.